थोराड अंगाची कुस्ती

२०२४ च्या मे महिन्यात सौदी अरबस्तानातल्या रियाध शहरात बॉक्सिंगची एक मोठी लढत झाली. एका बाजूला इंग्लंडचा टायसन फ्युरी, उंची ६ फूट ९ इंच, वजन २६२ पौंड म्हणजे जवळजवळ ११९ किलो. दुसऱ्या बाजूला युक्रेनचा उसिक, उंची ६ फूट ३ इंच, वजन १०१ किलोच्या आसपास. दोघं समोरासमोर उभे राहिले की उसिक हा फ्युरीचा धाकटा भाऊ वाटावा. बारा फेऱ्या झाल्या आणि उसिक गुणांवर जिंकला. डिसेंबरात पुन्हा दोघांची गाठ पडली. या खेपेस फ्युरी आणखी वजन घेऊन आला होता, फरक २५ किलोंचा झाला होता, तरी निकाल तोच! अमेरिकेतला माझा पुतण्या हे सगळं टीव्हीसमोर बसून पाहतो. त्याने फोनवर विचारलं, "काका, तुम्ही इतिहासाचे मास्तर. पूर्वीचे चॅम्पियन तर याच्याहूनही लहान होते म्हणतात. मग मोठ्या अंगाचा उपयोग तरी काय?"

प्रश्न चांगला आहे, पण दोन मिनिटांत फोनवर उत्तर देण्यासारखा नाही. म्हणून इथे लिहायला बसलो. खरं सांगायचं तर बॉक्सिंगचं माझं ज्ञान पुस्तकी आहे. कुस्ती मात्र मी जवळून पाहिली आहे. माझा जन्म लालबागचा, आणि आमच्या चाळीच्या तळमजल्यावर तालीम होती. मोठ्या अंगापुढे लहान अंगाने काय करायचं, हा प्रश्न आपल्या मातीत फार जुना आहे, कारण तिथे वजनी गट नव्हतेच. तेव्हा बॉक्सिंगवरून सुरुवात करून मी शेवटी कुस्तीवरच येणार, हे आधीच सांगून ठेवतो.

आमच्या लहानपणी थोराड अंग म्हटलं की एकच नाव, किंगकाँग. सिनेमातलं माकड नव्हे, मूळचा हंगेरीकडचा पैलवान, खरं नाव एमिल चाया. वजन ४०० पौंड सांगत, म्हणजे १८० किलो. दारासिंग आणि किंगकाँग यांच्या कुस्त्या वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये व्हायच्या. चाळीतली कमावती माणसं तिकीट काढून जायची आणि दुसऱ्या दिवशी पहाटे नळावर बादल्या भरता भरता सगळी कुस्ती पुन्हा व्हायची! त्या फ्रीस्टाइल कुस्त्यांचा निकाल बराचसा आधी ठरलेला असायचा, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. तालमीतल्या वस्तादांना तेव्हाही ठाऊक होतं. ते त्याला 'सर्कस' म्हणायचे आणि आम्हा पोरांचा हिरमोड व्हायचा. दारासिंग स्वतः काही लहान नव्हता, ६ फूट २ इंच उंच, अस्सल मातीतला पैलवान. पण किंगकाँगशेजारी तो किरकोळ दिसायचा, आणि सगळा धंदा त्या दिसण्यावर चालायचा. गर्दी यायची ती डोंगर कोसळताना बघायला.

बॉक्सिंगमध्ये हा डोंगर खराखुरा कोसळलेला आहे, तोही अनेकदा.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. 'हेवीवेट' या गटाला खालची मर्यादा असते, वरची नसते. कितीतरी वर्षं १७५ पौंडांच्या, म्हणजे ७९ किलोंच्या वर जो असेल तो हेवीवेट. ८० किलोचा माणूस आणि १२० किलोचा माणूस एकाच रिंगणात. १८९७ साली बॉब फिट्झसिमन्स जगज्जेता झाला तेव्हा त्याचं वजन ७६ किलोच्या आसपास होतं. आजच्या हिशोबाने तो हेवीवेटच्या जवळपासही फिरकू शकला नसता. त्या काळी लढती लांब चालायच्या. १८९२ साली कॉर्बेटने सुलिव्हनला हरवलं ते २१ व्या फेरीत. सुलिव्हन अंगाने भारी, दारूने सुटलेला. कॉर्बेट त्याच्याभोवती नाचत राहिला आणि त्याला दमवत राहिला. लहान माणसाचं खरं शस्त्र ठोसा नव्हे, घड्याळ! वेळ भरपूर असेल तर जड माणसाला स्वतःचंच वजन वाहून दमायला होतं.

अर्थात इतिहास इतका सरळ नसतो. १९१५ साली हवानामध्ये भर उन्हात ४५ फेऱ्यांची लढत ठरली होती. जॅक जॉन्सन विरुद्ध जेस विलर्ड. विलर्ड ६ फूट ६ इंच उंच. इथे दमला तो लहान माणूस, आणि २६ व्या फेरीत आडवा झाला. पण जॉन्सन तेव्हा ३७ वर्षांचा होता हेही ध्यानात ठेवायला हवं. हाच विलर्ड चार वर्षांनी, ४ जुलै १९१९ रोजी, टोलेडो गावी जॅक डेम्प्सीसमोर उभा राहिला. विलर्ड २४५ पौंड, डेम्प्सी १८७. पहिल्याच फेरीत डेम्प्सीने त्याला सात वेळा खाली पाडलं. सात वेळा! तीन फेऱ्यांनंतर विलर्ड उठलाच नाही.

पुढे इटलीचा प्रिमो कार्नेरा आला. हा सर्कशीतून आलेला दांडगा गडी. १९३४ साली त्याने टॉमी लॉफ्रनला गुणांवर हरवलं, तेव्हा दोघांत ८६ पौंडांचा, म्हणजे ३९ किलोंचा फरक होता. लॉफ्रन त्याच्याहून कितीतरी हुशार खेळाडू. पण कार्नेरा त्याच्या अंगावर रेलायचा. बॉक्सिंगमध्ये मिठी मारून समोरच्यावर वजन टाकणं ही फार जुनी युक्ती आहे. दर वेळी दोन मण ओझं मानेवर घेऊन उभं राहायचं म्हटल्यावर पाय जड होणारच. आमच्या तालमीतही जाड पैलवान हेच करायचे. मानेवर हात टाकून नुसते लोंबायचे, आणि बाहेरून पाहणाऱ्याला वाटायचं की काहीच चाललेलं नाही.

१९५२ च्या सप्टेंबरात रॉकी मार्सियानो जगज्जेता झाला. उंची ५ फूट १० इंच, वजन ८४ किलोंच्या आत-बाहेर, आणि हातांची लांबी ६८ इंच, जी हेवीवेट जगज्जेत्यांत सर्वांत कमी समजली जाते. तो ४९ लढती खेळला, ४९ जिंकल्या आणि निवृत्त झाला. (१९५२ हे साल लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.) मार्सियानोने जर्सी जो वॉलकॉटला पाडलं ते १३ व्या फेरीत, तेव्हा गुणांवर तो मागे होता. तेव्हा लढती १५ फेऱ्यांच्या असत. १९८२ साली एका कोरियन खेळाडूचा लढतीनंतर मृत्यू झाला आणि त्या हळूहळू १२ फेऱ्यांवर आल्या. योग्यच झालं ते. पण विचार करा, १२ फेऱ्यांच्या जमान्यात मार्सियानोची ती तेरावी फेरी आलीच नसती.

आणि याच सुमाराला राक्षस हुशार झाले. पूर्वीचा सहा-साडेसहा फुटांचा माणूस सर्कशीतून नाहीतर शेतावरून उचलून आणलेला असायचा. नंतरचा लहानपणापासून शिकलेला असतो. युक्रेनचे क्लिच्को बंधू घ्या. धाकटा व्लादिमिर १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकचा सुवर्णपदकविजेता, उंची ६ फूट ६ इंच. डावा हात लांब करून समोरच्याला अंतरावरच ठेवायचा, जवळ आला की मिठी. बघायला कंटाळवाणं, पण त्याला तोड सापडेना. बॉक्सिंगवाल्यांनाही अखेर मान्य करावं लागलं की मधल्या माणसाचं काय करायचं. १९७९-८० च्या सुमारास त्यांनी क्रूझरवेट नावाचा नवा गट काढला, आधी १९० पौंडांपर्यंतचा, नंतर २०० पौंडांपर्यंतचा. म्हणजे मार्सियानो आज असता तर तो हेवीवेट नसताच. उसिक हा त्याच क्रूझरवेटमधून वर आलेला गडी आहे.

उसिक का जिंकला याचं माझं उत्तर असं. आमच्या शाळेतले विज्ञानाचे मास्तर सांगायचे की एखादी वस्तू सगळ्या बाजूंनी दुप्पट केली तर तिचं वजन आठपट होतं, पण तिचा छेद चौपटच होतो. स्नायूंची ताकद छेदावर अवलंबून. म्हणून मुंगी स्वतःच्या कितीतरी पट वजन उचलते आणि हत्तीला उडी मारता येत नाही. अंग वाढतं तशी ताकद वाढते, पण वजन त्याहून वेगाने वाढतं. तेव्हा कुठेतरी एक मधली जागा येते जिथे ताकदही पुरेशी आहे आणि पायही हलतात. ती जागा काळाप्रमाणे सरकत गेली आहे. ७६ किलोंवर होती, मग ८४ वर आली, आता शंभराच्या आसपास आहे. उसिक नेमका त्या जागेवर उभा आहे. १०१ किलोच्या माणसाला लहान म्हणणं हा आपल्या डोळ्यांचा दोष, फ्युरी शेजारी उभा असतो म्हणून.

असो. आता मातीत उतरू.

१८९६ साली अथेन्सला पहिलं आधुनिक ऑलिम्पिक झालं तेव्हा कुस्तीला वजनी गटच नव्हते. जर्मनीचा कार्ल शूमान, चणीने लहान, मूळचा जिम्नॅस्टिक्सचा खेळाडू. त्याची पहिलीच कुस्ती लाँस्टन एलियट या धिप्पाड वजन उचलणाऱ्याशी लागली. शूमानने त्याला पाडलं. अंतिम कुस्ती अंधार पडला म्हणून थांबवावी लागली आणि दुसऱ्या दिवशी पुरी झाली, तीही शूमाननेच जिंकली. हे वाचल्यावर मला आपल्या जत्रेची आठवण झाली. आपल्याकडेही दिवस मावळला की कुस्ती बरोबरीत सोडवायचे.

आपल्याकडच्या निकाली कुस्तीला वेळेचं बंधन नव्हतं. पाठ लागली की संपली, तोवर चालू. गामा पैलवानाची गोष्ट प्रसिद्ध आहे. उंची ५ फूट ७-८ इंच. १९१० साली तो लंडनला गेला तेव्हा त्याच्या ठेंगणेपणाकडे बघून त्याला कोणी दारात उभं करेना, असं सांगतात. मग पोलंडच्या झिबिस्कोशी गाठ पडली. झिबिस्को वजनाने बराच जड. त्याने काय केलं, तर सरळ पालथा पडून राहिला! अडीच तासांहून जास्त वेळ गामा त्याला उलटा करायला बघतोय आणि हा जमिनीला चिकटलेला. पुन्हा दिवस ठरला तर हा आलाच नाही. १९२८ साली पतियाळात दोघे परत भेटले, गामाने त्याला मिनिटाच्या आत चीत केलं. मोठ्या अंगाचा सर्वांत मोठा उपयोग हल्ला करण्यात नसून न हलण्यात आहे, हे झिबिस्कोने लंडनमध्ये दाखवून दिलं. याच गामाला त्याच्याहून फूटभर उंच असलेल्या रहीम सुलतानीवाला याने अनेकदा बरोबरीत अडकवून ठेवलं होतं.

वजनी गट नव्हते म्हणून आपल्याकडे अंदाधुंदी होती असं मात्र कोणी समजू नये. आपल्याकडे 'जोड लावणे' हा प्रकार होता. जत्रेच्या फडात पंच मंडळी दोन पोरांना शेजारी उभं करायची, पाठीवरून हात फिरवायची, दंड चाचपायची, आणि मगच कुस्ती लावायची. वजनकाटा नव्हता, पण जाणती नजर होती. कुस्त्यांची सुरुवात रेवड्यांवर, नारळावर. लहान पोरं आधी. मग बक्षिसाचा आकडा चढत जायचा आणि अंगही चढत जायचं. शेवटची कुस्ती सर्वांत थोराड जोडीची, इनाम सर्वांत मोठं, आणि हलगी तेव्हाच खरी कडाडायची. हा क्रम नीट ध्यानात घ्या, कारण आपल्या कुस्तीचं पुढचं सगळं सुखदुःख त्यात आहे. लहान अंगाची कुस्ती ही आपल्याकडे नेहमी आधीची कुस्ती राहिली. लोक जागा धरायला यायचे त्या वेळची.

गिरणगावात ही सगळी परंपरा सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या माणसांबरोबर आली. गावकीच्या खोल्यांत वीस-वीस माणसं पाळीपाळीने झोपायची, आणि त्यातली पाच-सहा पहाटे तालमीत असायची. आमच्या चाळीतल्या तालमीचा हौदा पंधरा फुटांचाही नसेल. तांबडी माती, त्यात ताक, तेल, हळद कालवलेली. पावसाळ्यात तिचा वास वरच्या मजल्यापर्यंत यायचा. पहिल्या पाळीचा भोंगा होण्याआधी जोर-बैठका, आणि पाळी सुटल्यावर लढत. वस्ताद स्वतः गिरणीत साचेवाले होते. दिवसभर आठ तास उभं राहून आलेला माणूस संध्याकाळी पोरांना एकेरी पट कसा काढायचा, ढाक कशी मारायची ते शिकवायचा. जाड माणसाच्या समोर उभं राहू नको, त्याच्या बाजूला राहा, हे त्यांचं पालुपद होतं. त्याला वळायला वेळ लागतो, तेवढाच तुझा वेळ.

पण तेच वस्ताद पोराच्या दंडाकडे बघून "अंग कमव" असंही म्हणायचे. कारण गावच्या जत्रेत शेवटच्या कुस्तीला उभं राहायचं तर अंगच लागणार. आता अंग कमवायचं म्हणजे काय, तर दूध, तूप, बदाम, थंडाई. घरात पाच तोंडं असताना एकाला दिवसाला दोन लिटर दूध. गिरणगावात हे कसं जमायचं? बरेचदा एकट्या घराला जमायचंच नाही. गावकीची माणसं पगाराच्या दिवशी वर्गणी काढायची, खानावळवाली मावशी एखाद्या पोराला पदरचं तूप वाढायची. एक पैलवान म्हणजे सगळ्या खोलीची गुंतवणूक असायची म्हणा ना. मोठं अंग ही निसर्गाची देणगी असते हे अर्धंच खरं. उरलेलं अर्धं विकत घ्यावं लागतं.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. मी तेव्हा परळच्या बाजूला शिकवत होतो. आठवीच्या वर्गात एक मुलगा होता, नाव लिहीत नाही. चणीने लहान, पन्नास किलोही भरला नसता. पण पायांत वीज होती! मधल्या सुट्टीत दहावीच्या पोरांनाही तो हसत हसत पाडायचा. वडील गिरणीत. संप लांबला तसं आधी घरचं दूध बंद झालं, मग वडील गावी गेले, मग काका गेले, गावकीची वर्गणी आटली. वस्तादांनी त्याला सांगितलं, डाव तुझा सोन्यासारखा आहे, पण अंगाशिवाय पुढे जायचं नाही. त्याने तालीम सोडली आणि पहाटे भायखळ्याच्या बाजारात पाट्या उचलायला लागला. बऱ्याच वर्षांनी रस्त्यात भेटला. अंगाने तेवढाच होता. म्हणाला, "सर, टीव्हीवर ऑलिम्पिक बघत होतो. ४८ किलोचापण गट असतो की हो. मला वाटायचं पन्नासच्या खाली नुसती पोरं खेळतात." तो हसत होता. मी काय बोलणार? ती तालीमही पुढे बंद पडली. आज तिथे मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे.

ज्या खाशाबा जाधवांचं नाव त्या तालमीतही आदराने घेतलं जायचं, ते तर याच लहान अंगाचे. कराडजवळचं गोळेश्वर हे त्यांचं गाव, जन्म १५ जानेवारी १९२६ चा. उंची ५ फूट ५ इंच. १९४८ साली लंडन ऑलिम्पिकला ते ५२ किलोच्या गटात उतरले, तेव्हा गादीवरची कुस्ती त्यांना नवखी होती. तरी सहावे आले. १९५२ च्या हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. एका मास्तराने हे केलं, हे लिहिताना मला आजही बरं वाटतं. खाशाबांनी ५७ किलोच्या गटात कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्याच ऑलिम्पिकमध्ये आपले केशव माणगावे पदकाच्या अगदी दारापर्यंत जाऊन चौथे आले, तेही हलक्या गटातच. हे नाव मात्र आज फारसं कोणी घेत नाही.

वर सांगितलेलं १९५२ साल ते हेच. जुलैत खाशाबांचं पदक आणि सप्टेंबरात मार्सियानो जगज्जेता. मार्सियानोचं नाव जगभर झालं. खाशाबांची गावच्या लोकांनी १५१ बैलगाड्या जुंपून मिरवणूक काढली. पुढे ते पोलिसात फौजदार म्हणून नोकरीला लागले, १९८४ साली अपघातात गेले, आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर सोळा-सतरा वर्षांनी. आता कोणी म्हणेल, सरकारची अनास्था. ती होतीच. पण मला वाटतं की आपल्या कुस्तीशौकिनांच्या मनातही ५७ किलोची कुस्ती ही नारळाचीच कुस्ती होती. एखाद्या १०० किलोच्या पैलवानाने ते पदक आणलं असतं तर गावोगावी त्याचे पुतळे उभे राहिले असते.

१९५९ साली श्रीपती खंचनाळे हिंदकेसरी झाले, १९६१ साली महाराष्ट्र केसरी स्पर्धा सुरू झाली. दोन्ही किताब खुल्या गटाचे, म्हणजे थोराड अंगाचे. त्यांनी कुस्ती जिवंत ठेवली हे निर्विवाद. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत मारुती माने आणि गणपतराव आंदळकर यांनी जड गटांत सुवर्णपदकं आणली तीही खरीच. पण २०२४ पर्यंतची भारताची कुस्तीतली ऑलिम्पिक पदकं काढून बघा. खाशाबा ५७ किलो, सुशीलकुमार ६६ किलोत दोनदा, योगेश्वर दत्त ६०, साक्षी मलिक ५८, रवी दहिया ५७, बजरंग पुनिया ६५, अमन सेहरावत ५७. आठ पदकं, आणि ६६ किलोंच्या वरचं एकही नाही! गंमत बघा, सुशीलकुमारचे गुरू सतपाल हे १९८२ च्या आशियाई स्पर्धेत १०० किलो गटाचे सुवर्णपदकविजेते. आपल्या अंगाचे शिष्य शोधत न बसता त्यांनी दिल्लीच्या आखाड्यात ६६ किलोचा मुलगा घडवला. उत्तरेने हे वेळेवर ओळखलं. आपण गदेकडे बघत राहिलो.

तरीही आपल्या मुंबईचंच एक उलटं उदाहरण आहे. नरसिंग यादव. जोगेश्वरीत वाढलेला, दूध घालणाऱ्याचा मुलगा. ऑलिम्पिकच्या ७४ किलो गटात खेळणारा, २०१५ साली त्याच गटात जागतिक स्पर्धेचं कांस्य मिळवणारा. या नरसिंगने २०११, २०१२ आणि २०१३ अशी तीन वर्षं लागोपाठ महाराष्ट्र केसरीची गदा नेली, त्या थोराड खुल्या गटात! (त्याचं २०१६ चं प्रकरण हा वेगळा विषय आहे, इथे नको.) हे कसं जमलं? गादीवर वेळ बांधलेली असते आणि गुण मोजतात. पाठीमागे गेलास गुण, रेषेबाहेर काढलंस गुण. झिबिस्कोसारखं पालथं पडून राहण्याची सोय त्यात नाही. न हलणाऱ्याला पंच ताकीद देतात. म्हणजे मोठ्या अंगाचा जो सर्वांत मोठा फायदा होता, तोच नियमांनी काढून घेतला. बॉक्सिंगमध्ये फेऱ्या कमी झाल्या आणि त्याचा लाभ मोठ्यांना मिळाला. कुस्तीत वेळ कमी झाली आणि लाभ चपळांना मिळाला. पुतण्याला मी हेच सांगणार आहे. अंग तेच असतं, पण ते किती कामाला येईल हे वहीत लिहिलेले नियम ठरवतात.

आणि हे नियम कधी कधी फार क्रूर होतात. पॅरिसला २०२४ साली अमन सेहरावतने पदकाच्या लढतीआधी एका रात्रीत साडेचार किलोंहून जास्त वजन उतरवलं. विनेश फोगाट अंतिम फेरीत पोचली होती, आणि सकाळी काट्यावर ५० किलोंपेक्षा १०० ग्रॅम जास्त भरली म्हणून बाद झाली. आमच्या वस्तादांना हे सांगितलं असतं तर त्यांचा विश्वास बसला नसता. त्यांनी जन्मभर पोरांना वजन वाढवायला सांगितलं.

त्याच पॅरिसमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने कांस्यपदक मिळवलं. खाशाबांनंतर ७२ वर्षांनी मराठी माणसाला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळालं, पण ते नेमबाजीत.

महाराष्ट्र केसरीचा खुला गट आता ८६ ते १२५ किलोंचा असतो. मातीतला विजेता आणि गादीवरचा विजेता यांची शेवटची कुस्ती, मामासाहेब मोहोळ यांच्या स्मरणार्थ चांदीची गदा, आणि २०२३ साली पुण्यात तर गदेबरोबर मोटारगाडीसुद्धा. त्याच स्पर्धेत ५७, ६१, ६५ किलोंच्या कुस्त्याही होतात. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात गदा खांद्यावर घेतलेला मोठा फोटो असतो, दोन रकाने मजकूर असतो, आणि अगदी तळाशी, बारीक अक्षरांत, इतर गटांचे निकाल असतात. चष्मा लावून मी आधी ती तळाची ओळ वाचतो.